हाड आणि गादी यांच्यामध्ये

निरोगी माणूस गाढ झोपेतही सतत हलत असतो. एका अंगावर थोडा वेळ गेला की कातडीखालून मेंदूला टोचणी लागते. मग जाग न येताच तो कूस बदलतो, पाय आखडून घेतो, हात डोक्याखालून काढतो. सकाळी यातलं काहीच आठवत नाही. अर्धांगाचा झटका आलेल्या, कण्याला इजा झालेल्या किंवा व्हेंटिलेटरवर गुंगीच्या औषधांत ठेवलेल्या माणसाची ही राखण बंद पडते. कधी टोचणी मेंदूपर्यंत जात नाही, कधी जाते पण अंग साथ देत नाही. खुब्याचं हाड मोडून ट्रॅक्शन लावलेल्या आजींना तर सगळं समजत असतं, पण हललं की जीवघेणी कळ येते, म्हणून त्या हलत नाहीत. कारणं वेगवेगळी असली तरी परिणाम एकच. काही तास अंग एकाच जागी दबून राहतं आणि बेडसोअरची सुरुवात होते.

ही जखम वाटेल तिथे होत नाही. माकडहाडाच्या जरा वर कमरेचा जो चपटा भाग आहे तिथे, टाचांना, खुब्यांवर, डोक्याच्या मागे, कोपरांवर, घोट्यांवर, म्हणजे हाड आणि कातडी यांच्यामध्ये मांस कमी आहे अशाच ठिकाणी ती होते. आडव्या माणसाचा भार तिथे एकवटतो. वरून हाड, खालून गादी आणि मधलं मांस चेंगरलेलं. त्या मांसाला रक्त पुरवणाऱ्या केशवाहिन्यांमधला दाब फार थोडा असतो. लँडिस या अमेरिकी संशोधकानं १९३० मध्ये नखाच्या कडेच्या केशवाहिन्यांत तो मोजला, तेव्हा रक्त आत शिरतं त्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पाऱ्याइतका भरला. दंडाला पट्टा बांधून मोजतात त्या १२० च्या मानानं हा किती कमी आहे, पाहा. साध्या गादीवर उताण्या पडलेल्या माणसाच्या टाचेखाली याहून जास्त दाब सहज असतो. बाहेरचा दाब आतल्यापेक्षा वाढला की वाहिनी मिटते, रक्त थांबतं आणि मांस उपाशी राहतं.

मात्र ३२ हा आकडा म्हणजे लक्ष्मणरेषा नव्हे. रक्तदाब घसरलेला, हिमोग्लोबिन कमी असलेला, मधुमेही, तापानं फणफणलेला किंवा वयानं झिजलेला माणूस त्याच्या अलीकडेच कोलमडतो. कोसियाक यांनी १९५९ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की भरपूर दाब थोडा वेळ राहिला तरी मांस मरतं आणि थोडा दाब बराच वेळ राहिला तरी मरतं. प्रतिबंधाचे सगळे उपाय या जोडीभोवती फिरतात. दाब तरी कमी करायचा, नाहीतर वेळ तरी. जमलं तर दोन्ही.

पुढची गोष्ट नातेवाइकांना सहसा कुणी सांगत नाही. स्नायू कातडीपेक्षा नाजूक असतो, त्याला प्राणवायू जास्त लागतो आणि हाडाला लागून असल्यामुळे सर्वांत जास्त चेंगरतोही तोच. त्यामुळे मोठी जखम बहुतेक वेळा आतून, हाडाजवळून सुरू होते आणि कातडीवर शेवटी उमटते. घुशीनं पोखरलेल्या बांधासारखं हे असतं. बाहेर रुपयाएवढं भोक दिसतं आणि आत हात जाईल एवढी पोकळी झालेली असते. आतली इजा कातडीवर जांभळटकाळ्या डागाच्या रूपानं दिसायला दोन ते तीन दिवस लागू शकतात. सोमवारी लांबलेलं ऑपरेशन झालं आणि बुधवारी कमरेवर काळसर डाग दिसला, तर घरची माणसं वॉर्डातल्या सिस्टरला धारेवर धरतात. खरी सुरुवात कदाचित ऑपरेशनच्या टेबलावर झालेली असते, किंवा त्याआधी कॅज्युअल्टीतल्या कडक स्ट्रेचरवर, एक्स-रेच्या रांगेत. म्हणून राखण वॉर्डात खाट मिळाल्यावर नव्हे, तर रुग्ण आडवा झाल्याक्षणी सुरू व्हायला हवी.

सरळ दाबाइतकंच नुकसान घसरण करते. जेवण भरवायला खाटेची डोक्याकडची बाजू उंच केली की रुग्ण हळूहळू पायांकडे घसरू लागतो. कमरेची कातडी चादरीला चिकटून जागच्या जागी राहते आणि आतलं हाड मात्र खाली सरकतं. मधल्या वाहिन्या ताणल्या जातात, पिळवटतात आणि सरळ दाबापेक्षा लवकर बंद होतात. मग कुणीतरी येऊन दोन्ही काखांत हात घालून रुग्णाला वर ओढतं आणि त्यात कातडी खरवडते. त्यात कातडी ओली असेल, घामानं, लघवीनं किंवा पातळ शौचानं भिजलेली असेल, तर ती फुगते, मऊ पडते आणि साध्या घर्षणानंही सोलवटते.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. वॉर्डात रोज होऊ शकणारं सर्वांत मोलाचं काम म्हणजे कूस बदलणं. ते दिसायला सोपं असतं, पण घाईनं केलं तर निम्मा फायदा वाया जातो. म्हणून ते सावकाश पाहू या. एका बाजूचं अंग लुळं पडलेल्या साठीच्या बाई आहेत. सिस्टर मुलाला हाक मारतात, "दादा, आईंना डाव्या कुशीवर घ्यायचंय, जरा हात द्या." दोन माणसं लागतातच. आधी बाईंना सांगायचं, त्यांना समजत नसेल असं वाटलं तरी सांगायचं. नाकातून पोटात घातलेल्या नळीतून, म्हणजे राईल्स ट्यूबमधून, नुकतंच दूध किंवा पेज दिलेली असेल तर साधारण अर्धा-पाऊण तास थांबायचं, नाहीतर उलटून फुप्फुसात जायची भीती असते. मग खाट सपाट करायची. ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूला लघवीची पिशवी घ्यायची, पण मूत्राशयाच्या पातळीच्या खालीच ठेवायची. सलाईनच्या नळीला ढील द्यायची.

बाईंचा उजवा हात छातीवर, उजवा गुडघा वाकवलेला. डाव्या बाजूला उभ्या असलेल्या माणसानं एक हात त्यांच्या उजव्या खांद्यामागे आणि दुसरा कमरेमागे ठेवून, "एक, दोन, तीन" म्हणत, सगळं अंग एकदम आपल्याकडे वळवायचं. आधी खांदा आणि मग कंबर असं पिळत वळवायचं नाही. कण्याला इजा असेल किंवा खुब्याचं ऑपरेशन झालेलं असेल, तर कसं आणि किती वळवायचं हे डॉक्टरांना विचारूनच करायचं. कण्याच्या रुग्णाला तिघं-चौघं मिळून ओंडक्यासारखं एकसंध वळवतात.

पाठ उघडी झाली की लगेच उशी लावायची नाही. हा मिनिटभराचा वेळ सोन्याचा आहे. चादरीवर काय आहे ते पाहायचं. सुईचं टोपण, कापसाचा बोळा, बिस्किटाचा चुरा, सलाईनच्या चिकटपट्टीचा तुकडा, चादरीची जाड चुणी. यातली कुठलीही वस्तू चार तास कमरेखाली राहिली तर तिचा ठसा कातडीवर उमटतो. ओलं असेल तर कोमट पाण्यानं हलक्या हातानं पुसून, थोपटून कोरडं करायचं. मग उशी. ती पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत अशी द्यायची की बाई पूर्ण कुशीवर न राहता थोड्या मागे रेलतील, अंगाचा गादीशी ३० अंशांचा कोन होईल. पूर्ण कुशीवर झोपवलं की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो आणि तिथे तर मांस फारच कमी असतं. रेललेल्या अवस्थेत भार ढुंगणाच्या मांसल बाजूवर येतो. कमरेचं हाडही सुटं आणि खुबाही सुटा. हे जमलं का, ते डोळ्यांनी कळत नाही. तळहात गादीला लावून कमरेच्या मधल्या हाडाखाली सरकवायचा. हात मोकळा सरकला तर जमलं, हाड हाताला टेकलं तर उशी आणखी आत घ्यायची. खालचा खांदा किंचित पुढे ओढून घ्यायचा, म्हणजे तो अंगाखाली दबत नाही. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक उशी. आणि शेवटची उशी पोटऱ्यांखाली, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पूर्ण लांबीची, म्हणजे टाचा हवेत राहतील. टाचेखाली उशी ठेवणं आणि टाच उशीच्या पलीकडे लोंबती ठेवणं, यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

रुग्णाला वर सरकवायचं असेल तर दोघांनी कमरेखालची आडवी चादर दोन्ही बाजूंनी घट्ट धरून उचलून सरकवायचं, ओढायचं नाही. डोकं उंच करायचं असेल तर आधी गुडघ्याखाली उशी देऊन गुडघे वर करायचे आणि मग डोकं. म्हणजे घसरण थांबते. डोक्याकडची बाजू शक्यतो ३० अंशांच्या वर नको. ट्यूबमधून खाणं देताना ती ३० ते ४५ अंशांपर्यंत उंच ठेवावी लागते. इथे फुप्फुस आणि कंबर यांच्या गरजा एकमेकींच्या आड येतात. फुप्फुसाला प्राधान्य द्यायचं, पण खाणं जिरल्यावर खाट पुन्हा खाली घ्यायला विसरायचं नाही.

किती वेळानं? दर दोन तासांनी, हे उत्तर सगळ्यांना पाठ असतं. ही शिस्त रुजवण्यात ब्रिटनमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयाचा मोठा वाटा आहे. तिथे १९४४ मध्ये लुडविग गटमन यांनी कण्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. त्याआधी अशा रुग्णानं पाठीच्या जखमा आणि लघवीचा जंतुसंसर्ग यांनी लवकरच मरायचं, असं जवळजवळ गृहीत धरलं जाई. एकोणिसाव्या शतकातले नामवंत फ्रेंच डॉक्टर शार्को तर ही जखम मज्जासंस्थेच्या इजेमुळेच होते असं मानत. तसं मानलं की हात टेकायला कारण मिळतं. गटमन यांनी रात्रंदिवस दर दोन तासांनी रुग्ण वळवायला लावले आणि ते काम होतंय की नाही हे पाहायला ते स्वतः रात्री वॉर्डात जात. माणसं जगली. जगलेल्यांसाठी १९४८ मध्ये त्यांनी तिथे खेळांच्या स्पर्धा भरवल्या, त्यांतूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अधू झालेले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं ते याच स्पर्धांमध्ये.

पण दोन तास हा सर्वांना लागू पडणारा मंत्र नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अमेरिका आणि कॅनडातल्या शुश्रूषागृहांत दाट फोमच्या चांगल्या गादीवर झोपणाऱ्या वृद्धांना दोन, तीन की चार तासांनी वळवलं यानं जखमांच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही. मात्र आपल्या अनेक वॉर्डांत रेक्झिनची, मध्ये खोलगट झालेली गादी असते. तो निष्कर्ष तिच्यासाठी नाही. माझ्या मते घड्याळापेक्षा कातडीवर भरवसा ठेवावा. वळवल्यावर दबलेली जागा पाहायची. अर्ध्या तासानंही तिथला रंग पूर्ववत होत नसेल, तर दोन तास हे त्या माणसाला जास्त झाले. "झोपलेत हो, कशाला उठवता?" असं रात्री सोबतीला असलेली माणसं मायेनं म्हणतात. पूर्ण वळवायचं नसेल तर उशी थोडी काढून, थोडी सरकवून भार हलवता येतो. तेवढ्यानं झोपमोड होत नाही.

कातडी पाहायची कशी, याविषयी आपल्याकडे जास्त बोललं पाहिजे. पुस्तकांतल्या चित्रांत पहिली खूण म्हणून गोऱ्या पाठीवरचा लाल चट्टा दाखवतात. बोट दाबून सोडलं की तो पांढुरका होतो का, हे पाहायचं. न झाला तर इजा सुरू झाली आहे. सावळ्या किंवा काळ्या अंगावर हा लाल चट्टा अनेकदा दिसतच नाही आणि पहिली पायरी हातची निसटते. आपल्या रंगाच्या कातडीवर डोळ्यांपेक्षा हात कामाचे. संशयित जागा आजूबाजूच्या कातडीशी ताडून पाहायची. ती अधिक गरम लागते का, किंवा अचानक थंड? आजूबाजूपेक्षा घट्ट आहे की पिलपिलीत? आसपासच्या रंगापेक्षा काळपट, जांभळट दिसते का? मोबाइलचा टॉर्च समोरून न धरता कडेनं धरला तर सूज आणि तुकतुकी चटकन नजरेला येते. एका टाचेबद्दल शंका असेल तर दुसऱ्या टाचेला हात लावून पाहायचा. आणि रुग्ण बोलू शकत असेल तर विचारायचं. "कमरेत आग होते" ही तक्रार पुष्कळदा डाग दिसण्याच्या आधी येते, आणि म्हातारपणाची कुरकुर म्हणून ती उडवून लावली जाते.

कुणाला जास्त धोका आहे हे ठरवायला परिचारिकांकडे मोजपट्ट्या असतात. डोरीन नॉर्टन यांनी १९६२ मध्ये वृद्ध रुग्णांसाठी पहिली प्रसिद्ध मोजपट्टी मांडली. आज जास्त वापरात आहे ती ब्रेडन आणि बर्गस्ट्रॉम यांची, १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली. स्पर्श आणि दुखणं कळतं का, अंग किती ओलं राहतं, माणूस उठून फिरतो का, खाटेवरच्या खाटेवर स्वतः हलतो का, खातो किती, आणि घसरतो-घासतो का, या सहा प्रश्नांना गुण देतात. एकूण ६ ते २३; गुण जितके कमी तितका धोका जास्त, आणि १८ किंवा त्याखाली आले की सावध व्हायचं. पहिल्या दिवशी केलेली बेरीज केस पेपरात तशीच पडून राहिली तर उपयोग शून्य. तब्येत बदलली की ती पुन्हा करावी लागते.

आता काही रूढ उपायांविषयी, कारण ते अजून अनेक वॉर्डांत आणि घरांत चालू आहेत. पाठीला स्पिरिट लावून वर पावडर फासणं, यानं कातडी कोरडीठाक पडून भेगाळते, आणि घामात पावडरीचे गोळे होऊन तेच टोचतात. लाल किंवा काळपट झालेली जागा चोळून "रक्त खेळतं करणं", यानं आत आधीच दुखावलेलं मांस आणखी फाटतं. हवेची गोल रिंग कमरेखाली देणं, यानं मधला भाग सुटा राहतो, पण रिंगणाच्या कडेवर दाब येऊन त्याच भागाकडे जाणारं रक्त अडतं. पाणी भरलेले हातमोजे टाचेखाली ठेवणं हाही असाच प्रकार. ते सरकतात आणि टाच पुन्हा गादीवर येते. ही कामं करणाऱ्या मावशींचा हेतू निर्मळ असतो, त्यांना तसंच शिकवलेलं असतं. त्यांना रागावण्यापेक्षा तोच वेळ उशा नीट लावण्यात घालवायला सांगावं. लघवी-शौचावर ताबा नसलेल्या रुग्णाला स्वच्छ करून पेट्रोलियम जेलीचा किंवा झिंक ऑक्साइड असलेल्या मलमाचा पातळ थर द्यावा. डायपर बांधून "आता सकाळीच बदलू" हे मात्र अजिबात नको.

एअर बेडवर लोकांचा फार विश्वास असतो. त्याच्या कप्प्यांत आळीपाळीनं हवा भरते आणि उतरते, त्यामुळे दाबाची जागा बदलत राहते. ती गादी उपयोगी आहे, पण तिच्यावर चादर, मेणकापड, घडी घातलेलं दुपटं आणि डायपर असे थर चढवले की तिचं काम रुग्णापर्यंत पोचतच नाही. एक चादर, तीही सैलसर, पुरे. पंप रुग्णाच्या वजनाप्रमाणे लावायचा. कडक फुगवला की फळीवर झोपवल्यासारखं होतं. नळी खाटेच्या कडेला दुमडलेली नाही ना, वीज गेल्यावर हवा उतरली नाही ना, हे दर पाळीला पाहायचं. रुग्णाच्या कमरेच्या रेषेत एअर बेडच्या खाली हात घालून पाहावा. रुग्णाचं हाड हाताला लागलं, तर गादी बसली आहे. आणि एअर बेड असला तरी कूस बदलायचीच.

नाकाच्या हाडावरचा ऑक्सिजनचा मास्क, कानामागून जाणारी नळी, नाकपुडीतली राईल्स ट्यूब, मांडीखाली अडकलेला कॅथेटर, आतून टोचणारं प्लास्टर, या सर्वांखालीही अशाच जखमा होतात. रोज उचलून, सरकवून खाली पाहावं. खुर्चीत किंवा व्हीलचेअरवर बसवलं की धोका संपला असंही नाही. बसल्यावर भार बैठकीच्या दोन छोट्या हाडांवर येतो, आणि तो आडव्यापेक्षा जास्त असतो. अधूनमधून पुढे वाकवून किंवा एका बाजूला कलवून तो उतरवावा लागतो.

खाण्याचं मात्र जरा थांबून सांगायला हवं. धोक्यातल्या रुग्णाला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या बाईंना साधारण ६२ ते ७५ ग्रॅम. आपण आजाऱ्याला काय देतो? वरणाचं पाणी, मऊ भात, साबुदाण्याची खीर, नारळपाणी. पचायला हलकं असतं सगळं, पण त्यात प्रथिनं नावालाच. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात तेवढीच किंवा किंचित जास्त. वरण घट्ट करावं, ताकाऐवजी दही द्यावं, उपम्यात मुगाची डाळ घालावी, अंडं चालत असेल तर उकडून कुस्करून भातात कालवावं, ट्यूब असेल तर आहारतज्ज्ञाकडून प्रमाण लिहून घ्यावं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे सगळं डॉक्टरांना विचारूनच.

इतकं करूनही काही जखमा होतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ मध्ये या जखमांचा दोष रोगापेक्षा शुश्रूषेवर टाकला होता. तो इशारा त्या काळी हवा होता, पण शेवटच्या टप्प्यातल्या, रक्ताभिसरणच मंदावलेल्या माणसाची कातडी इतर अवयवांप्रमाणे हार मानते, तिथे सिस्टरच्या किंवा मुलीच्या माथी दोष मारणं अन्याय आहे. एका सिस्टरवर अख्खा वॉर्ड असताना सगळा भार तिच्यावर टाकणंही तसंच. म्हणून सोबतीला बसणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी हे काम शिकवावं, आणि त्यानंही ते मागून शिकावं. दाखल होतानाच पाठ, कंबर, टाचा पाहून नोंद करायला सांगावी. एनएबीएच मानांकन असलेल्या रुग्णालयांना दाखल झाल्यानंतर झालेल्या अशा जखमांचा हिशोब ठेवावाच लागतो, आणि आल्यावेळची नोंद नसेल तर जखम कुठली यावर नुसता वाद होतो.

डाग दिसलाच, पण कातडी फुटलेली नसेल, तर त्या जागेवर अजिबात भार द्यायचा नाही. ती कूस वेळापत्रकातून काढून टाकायची. बहुतेक वेळा काही दिवसांत कातडी सावरते. डाग जांभळा-काळा असेल, फोड आला असेल किंवा कातडी सुटली असेल, तर हळद, मध, घरगुती लेप यांच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. डिस्चार्ज मिळताना कार्डावर कातडीची स्थिती लिहून घ्यावी, घरी जाण्याआधी निदान एकदा सिस्टरसमोर स्वतःच्या हातानं कूस बदलून दाखवावी, खाट आणि एअर बेड भाड्यानं कुठे मिळतात ते विचारावं, आणि ड्रेसिंग असेल तर ते कुणी, किती दिवसांनी बदलायचं आणि ताप किंवा दुर्गंधी आली तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, हे कागदावर उतरवून घ्यावं.